हातात काय होतं? – सीमा उघडल्याच्या आठवणी टिपून ठेवताना

आमच्या सासूबाई बांद्याच्या. म्हणजे सासर बांद्याचं, माहेर पेडण्याचं. दोन्ही गावांत अंतर असं फारसं नाही, पण १९५५च्या ऑगस्टनंतर मध्ये पत्रादेवीची सीमा बंद झाली आणि साडेसहा वर्षं त्यांना माहेर दिसलं नाही. पलीकडे गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य, अलीकडे आपलं. हे मला लग्नानंतर पंचवीस-तीस वर्षांनी कळलं. मी जर्मन शिकवते, बर्लिनची भिंत कधी पडली हे वर्गात दरवर्षी रंगवून सांगते, आणि घरातच एक सीमा ओलांडून आलेली बाई रोज सकाळी माझ्यासमोर चहा पीत होती!

तेव्हापासून अशा आठवणी ध्वनिमुद्रित करायचा नाद लागला. आतापर्यंत पंधरा-सोळा जणांच्या झाल्या. काही गोव्याच्या, काही बर्लिनच्या. कसं करावं हे पुष्कळ जण विचारतात, म्हणून हे लिहिते आहे.

माणसं पुण्यातच आहेत

बर्लिनसाठी बर्लिनला जायला नको आणि गोव्यासाठी गोव्यालाही नको. गोव्याच्या सत्याग्रहाची सूत्रं पुण्यातून हलत होती. गोवा विमोचन सहाय्यक समिती इथलीच. १८ मे १९५५ला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट पहिली तुकडी घेऊन आत शिरले, तेही इथूनच गेलेले. त्यांच्या मागोमाग गेलेली कॉलेजातली पोरं आता नव्वदीच्या आसपास आहेत. सहकारनगर, सदाशिव पेठ, एरंडवणे, कुठेही चौकशी करा, एखादे आजोबा निघतातच. पिंपरी कॅम्पात सिंधी कुटुंबं आहेत, त्यांची आठवण सीमा बंद होण्याची. ९ नोव्हेंबर २०१९ला पाकिस्तानातल्या कर्तारपूरच्या गुरुद्वाराचा रस्ता खुला झाल्यावर तिकडे माथा टेकून आलेली शीख मंडळी पुणे कॅम्पात भेटतात. आणि चाकण-तळेगावच्या कारखान्यांमुळे जर्मन लोक येऊन-जाऊन असतातच. त्यातलं कुणी पूर्वेकडचं निघालं, की मी सोडत नाही.

फक्त ‘प्रसिद्ध’ माणसाच्या मागे लागू नका. ज्याने दहा सत्कारांत भाषण केलंय, त्याची आठवण घासून गुळगुळीत झालेली असते. त्याच्या बायकोला विचारा.

आधी अभ्यास, पण तो खिशात ठेवायचा

जायच्या आधी त्या आठवड्याचा सगळा क्रम कागदावर मांडून ठेवा. तारीख, वार, तिथी, तास. हा कागद समोरच्याला दाखवायचा नाही, आणि ‘तुम्ही म्हणता ते चूक’ असं तर चुकूनही म्हणायचं नाही. तो आपल्याला दिशा कळावी म्हणून.

बर्लिनचा माझा कागद असा. ९ नोव्हेंबर १९८९, गुरुवार. संध्याकाळी सातला थोडा वेळ असताना पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे ग्युंटर शाबोव्स्की पत्रकार परिषदेत हातातला कागद वाचतात, की आता नागरिकांना बाहेर जाता येईल. कधीपासून, असं विचारल्यावर कागद चाळतात आणि म्हणतात, माझ्या माहितीप्रमाणे लगेच. खरं तर ते दुसऱ्या दिवशीपासून, रीतसर अर्ज घेऊन, असं ठरलेलं. पण बातमी गेली ती गेलीच. लोक बोर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्यावर जमू लागतात. तिथला अधिकारी हाराल्ड येगर वर फोनवर फोन करतो, धड उत्तर कुणी देत नाही. आधी फार आरडाओरडा करणाऱ्यांना सोडतात, पण त्यांच्या ओळखपत्रावर थेट फोटोवरच शिक्का मारून. म्हणजे गेलात ते गेलात, परत येऊ नका. त्यांना हे सांगितलेलंही नसतं. शेवटी साडेअकराच्या सुमारास येगर फाटक उघडायला सांगतो.

आता यात साडेचार तास मिळवा. शाबोव्स्की बोलले तेव्हा पुण्यात रात्रीचे सव्वाअकरा उलटून गेलेले. फाटक उघडलं तेव्हा इथे १० तारखेची पहाट, चार वाजलेले. कोथरूडचे एक निवृत्त गृहस्थ मला ठासून सांगत होते, की नऊ तारखेला रात्री जेवताना त्यांनी दूरदर्शनवर भिंतीवर चढलेले लोक पाहिले. पाहिले असतील, पण त्या रात्री नव्हे. ते जेवत होते तेव्हा शाबोव्स्कींनी तोंडही उघडलेलं नव्हतं. मी काही बोलले नाही. नुसतं विचारलं, ‘तेव्हा सचिनची पहिली कसोटी झाली होती का हो?’ ते थांबले. ‘नाही, पण संघ जाहीर झाला होता. आमच्या घरी त्यावरूनच वाद चालला होता.’ सचिन कराचीत पहिल्यांदा उतरला १५ नोव्हेंबरला. मग नऊ ते पंधरा यांच्यामध्ये कुठेतरी, एवढं पक्कं झालं. भांडण नाही, अपमान नाही.

तारीख विचारू नका, खुंटी शोधा

आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात तारखा नसतात, खुंट्या असतात. गोव्यासाठी पुण्यात सगळ्यात भक्कम खुंटी पानशेतचा पूर. १२ जुलै १९६१. ‘पानशेतच्या आधी की नंतर?’ असं विचारलं की त्या पिढीतला कुठलाही पुणेकर बिनचूक उत्तर देतो, आणि वर पाणी कुठपर्यंत आलं होतं तेही हाताने दाखवतो. (मग पंधरा मिनिटं पानशेतच चालतं. चालू द्यावं.) दुसरी खुंटी अष्टग्रहीची. १९६२च्या फेब्रुवारीत आठ ग्रह एका राशीत येणार म्हणून देशभर घबराट होती, होमहवन चालले होते, लोक प्रवास टाळत होते. तिसरी खुंटी सणांची.

सासूबाईंना मी पहिल्यांदा सरळ विचारलं होतं, ‘आई, गोवा मोकळा झाला त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?’ उत्तर आलं, ‘तारीख माका खंय म्हायत!’ संपलं. पुस्तकात १९ डिसेंबर १९६१ अशी तारीख आहे, मंगळवार, त्या रात्री पोर्तुगीज गव्हर्नर व्हासालो इ सिल्वाने शरणागतीवर सही केली. दत्तजयंती दोन-तीन दिवसांवर आली होती. सासूबाईंच्या लेखी त्या दिवशी काहीच झालं नाही. त्यांना त्या आठवड्याचं आठवतं ते भात. उकड्या तांदळासाठी उकडलेलं भात खळ्यात वाळत घातलेलं, आणि रस्त्याने लष्कराच्या गाड्या जाऊन जाऊन त्यावर लाल धूळ बसत होती. त्यांची सासू म्हणाली झाक, झाकलं तर वाळेना. देशाच्या इतिहासातला मोठा दिवस, आणि या चिडलेल्या.

मग मी दुसऱ्या टोकाने धरलं. माहेरी पहिल्यांदा कधी गेलात? शिमग्याच्या आधी. अष्टग्रहीच्या आधी की नंतर? ‘अगो, तेच तर!’ म्हणाल्या. त्यांच्या सासऱ्यांनी अडवून धरलं होतं. सीमा उघडली तरी अष्टग्रही टळल्याशिवाय सुनेला नदीनाले ओलांडू द्यायचे नाहीत. म्हणजे सव्वासहा वर्षं पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारने थांबवलं आणि पुढचा दीड महिना ग्रहांनी. ग्रह ५ फेब्रुवारीला सुटले, होळी त्या वर्षी मार्चच्या विसाव्या-एकविसाव्याला. मधल्या सहा आठवड्यांतला कुठला तरी दिवस. सासूबाईंची सीमा तेव्हा उघडली.

या कामात मला कळलेली एकच गोष्ट सांगायची झाली तर ही. पुस्तकातली तारीख आणि त्या माणसाची तारीख वेगळी असते. आपण पुस्तकातली तारीख घेऊन गेलो, तर समोरचा माणूस पुस्तकातलंच परत ऐकवतो.

तीच गोष्ट बर्लिनच्या बाईंची. त्या तेव्हा पूर्व बर्लिनमधल्या इस्पितळात परिचारिका होत्या. नवऱ्याची पुण्यात बदली झाली म्हणून आमची ओळख. नऊ तारखेला त्यांची रात्रपाळी. जग भिंतीकडे धावत होतं आणि त्या वॉर्डात ताप मोजत होत्या. सकाळच्या पाळीला निम्म्या जणी आल्याच नाहीत, म्हणून दुपारपर्यंत थांबावं लागलं. घरी जाऊन झोपल्या. पलीकडे गेल्या त्या शनिवारी, अकरा तारखेला. वर्षानुवर्षं त्यांना याची लाज वाटत होती. कुणी विचारलं की ‘हो, होते ना मी तिथे’ म्हणून मोकळ्या व्हायच्या.

काय विचारायचं

‘तुम्हाला कसं वाटलं?’ हा प्रश्न घरी ठेवून या. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. खूप आनंद झाला, डोळ्यांत पाणी आलं. टीव्हीवाल्यांनी दर वर्धापनदिनी तेच विचारून विचारून लोकांना ते पाठ करून दिलेलं आहे.

माझा हुकमी प्रश्न एकच. हातात काय होतं? पिशवीत, खिशात, कमरेला, काखोटीला काय होतं?

जर्मन बाई एकदम हसायला लागल्या. वॉर्डातल्या औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या! गडबडीत पाळी बदलताना द्यायच्या राहून गेल्या, कोटाच्या खिशात तशाच. शनिवारी पश्चिम बर्लिनच्या बँकेपुढे रांगेत उभ्या होत्या, कारण पूर्वेकडून येणाऱ्या प्रत्येकाला तिथे स्वागताचे म्हणून १०० मार्क मिळत. तासन्‌तास ती रांग, आणि सगळा वेळ यांच्या मनात एकच, कपाट कोण उघडणार? पलीकडचे दिवे, दुकानं, काही धड पाहिलं नाही. तेवढ्या एका प्रश्नावर त्या पुढे पन्नास मिनिटं बोलल्या.

सासूबाईंच्या हातात गाठोडं होतं, ते अपेक्षितच. पण डोळे कुठे होते, हे मला नंतर सुचलं. चौकीवर काय पाहिलंत? मला वाटलं झेंडा म्हणतील. त्या म्हणाल्या, ‘पाटो.’

मला कळेना. मग त्यांनी नीट सांगितलं. रस्त्यावर आडवा बांबू होता, वर-खाली होणारा. त्याच्या एका टोकाला, वजन म्हणून, काथ्याच्या दोरीने दगड बांधलेला. तो दगड म्हणजे फुटक्या पाट्याचा तुकडा होता. वरच्या अंगाला टाकीचे घाव अजून दिसत होते. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला पाटा. दोरी एका बाजूने इतकी झिजलेली, की आता तुटेल मग तुटेल. बांबूपाशी आपलाच पोलीस होता, तो हिंदीत काहीतरी विचारत होता, यांचे यजमान उत्तर देत होते, आणि या चोवीस वर्षांच्या बाई गाठोडं कमरेवर घेऊन त्या पाट्याकडे बघत होत्या. एवढा चांगला दगड. टाकी लावून घेतली असती तर अजून वाटण झालं असतं त्याच्यावर.

पलीकडच्या बाजूला ते काय म्हणतात, ते पकडा

मी प्रश्नात ‘सीमा’, ‘गोवा मुक्ती’ म्हणत होते तोवर सासूबाई मोजकंच बोलायच्या. त्यांच्या तोंडात यातला एकही शब्द नाही. त्या म्हणतात ‘पलतडी’. नदीच्या पल्याडचा काठ असतो तो शब्द. भाऊ पलतडी, आई पलतडी. जर्मन बाई ‘द्र्यूबन’ म्हणत, म्हणजे तिकडे, पलीकडे. गंमत म्हणजे पश्चिमेचे लोकही पूर्वेला ‘द्र्यूबन’च म्हणायचे. दोघांचंही दुसऱ्यापुरतं नाव एकच. हा शब्द सापडला की तोच आपल्या प्रश्नात घालायचा. ‘पलतडीची कुणी माणसं बांद्याला यायची का?’ असं विचारल्याबरोबर सासूबाईंकडून रात्रीअपरात्री जंगलातून येणाऱ्या घड्याळांच्या गोष्टी निघाल्या.

त्या मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे येईल.

चूक वाटली तरी लगेच खोडू नका

सासूबाई म्हणाल्या, पेडण्याहून मावशीकडे म्हापशाला जाताना होडीतून नदी ओलांडली. मी आगाऊपणे म्हटलं, ‘आई, तिथे तर पूल असणार.’ त्या गप्प झाल्या. ‘असात बाबा,’ म्हणाल्या आणि शेंगा सोलायला लागल्या. त्या दिवशी पुढे काही मिळालं नाही. नंतर वाचताना कळलं, की मागे हटणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने डिसेंबरात पूल उडवले होते आणि त्यात शापोराचाही होता. म्हणजे बाई बरोबर, मास्तरीण चूक. जाऊन तसं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, ‘होडयेत माझ्या साडयेचो काठ भिजलो होतो, मी विसरतंय?’

तसंच, त्या नाताळात आई पलतडी हॉलंडचे बटाटे शिजवत होती, हे मला साफ थाप वाटलं होतं. भारताने माल बंद केल्यावर गोव्यात हॉलंडचे बटाटे आणि सिलोनचा चहा येत असे, हेही पुढे पुस्तकातच भेटलं.

यंत्राचं थोडक्यात

फोन पुरतो. एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन मोक्याला गॅसवाल्याचा फोन येतो. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये सगळ्यात वरचा दर्जा निवडा. फोन थेट टेबलावर ठेवू नका, घडी केलेल्या पंचावर ठेवा, म्हणजे कपबशीचे धक्के येत नाहीत. पंखा बंद, कुकर आधीच उतरवलेला, खिडकी रस्त्याकडची असेल तर लावून घ्या. आम्ही कर्वे रस्त्याला लागून राहतो, त्यामुळे मी मागच्या खोलीत, गाद्या ठेवतो तिथे बसते. गाद्यांनी आवाज घुमत नाही. सुरुवातीला तारीख, ठिकाण, बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने म्हणून घ्या. पाऊण तास झाला की थांबा, माणूस उत्साहात असला तरी. उरलेलं पुढच्या वेळी, आणि पुढच्या वेळी ते जास्त चांगलं येतं. आपण स्वतः कमी बोलायचं. माझं पहिलं रेकॉर्डिंग ऐकाल तर ते माझीच मुलाखत वाटते.

घरी आल्याबरोबर फाइलला वर्ष-महिना-दिवस आणि आडनाव असं नाव द्या आणि दोन वेगळ्या जागी प्रत ठेवा. हे मी शिकले ते एक फोन पाण्याच्या बादलीत पडल्यावर. सत्याग्रहात लाठ्या खाल्लेल्या एका आजोबांचा तासभराचा आवाज त्यात होता. पुन्हा जायचं जायचं म्हणेपर्यंत ते गेले.

उतरवून घेताना फोनवरचं बोलून लिहिणं पुणेरी बोलीला ठीक चालतं, मालवणीचा मात्र विचका करतं. ‘पलतडी’चं त्याने ‘पालक वडी’ केलं. हाताने लिहा. आणि ‘गेलंव’चं ‘गेलो’ करू नका. ज्या शब्दाचा अर्थ लागणार नाही तो समासात सांगा, मजकुरात तसाच राहू द्या.

परवानगी, दोनदा

एकदा सुरू करण्याआधी आणि एकदा सगळं उतरवून झाल्यावर. दुसरी महत्त्वाची. बोलताना माणूस वाहवत जातो. कागदावर वाचल्यावर त्याला घाम फुटतो. सासूबाईंनी घड्याळांचा भाग काढायला लावला. ज्यांच्या घरातून ती यायची त्यांची नातवंडं आज बाजारात भेटतात, त्यांना उगाच कशाला? मी तो भाग वेगळा करून ठेवलाय, त्यावर ‘कुणाला नाही’ असं लिहून.

जर्मन बाईंनी मात्र उलटं केलं. आधी म्हणाल्या, मी झोपले होते हे काढा. मी हो म्हटलं, काढलं, वाचायला दिलं. दोन दिवसांनी निरोप, ते परत घाला.

आणि घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काही टाकू नका. मी कौतुकाने पाट्याची दोन मिनिटं टाकली होती. तासाभरात ती मुंबई, बेळगाव फिरून आली आणि एका चुलत दिरांनी चौकीवर पाटा नव्हता, सिमेंटचा ठोकळा होता, असा निकालही दिला. दीर तेव्हा जन्मले नव्हते. सासूबाई दोन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत. दिरांशी अजून बोलत नाहीत.

शेवटी पूर्ण रेकॉर्डिंग त्या माणसाला ऐकवा. पुष्कळांनी स्वतःचा आवाज असा कधी ऐकलेला नसतो. सासूबाईंनी डोळे मिटून, मांडी घालून सगळं ऐकलं. संपल्यावर बराच वेळ गप्प. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील.

म्हणाल्या, ‘पंखो बंद केलंस म्हणान मी घामान भिजलंय, तां खंय लिवलंस?’

लिहिलं आहे. समासात.